पुण्यश्लोक अहल्याबाईंचा दानधर्म

चौंडी या लहानशा खेड्यात इ. स. १७२५ मध्ये जन्मलेल्या अहल्याबाईंस १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात वैधव्य आले. श्वशुर मल्हारराव १७६६ मध्ये आणि पुत्र मालेराव १७६७ मध्ये निवर्तले. एवढे दुःख गिळून या साध्वीने नर्मदातीरी महेश्वर येथून २८ वर्षे प्रजापालन केले.

काशी-गयेची त्यांनी बांधलेली मंदिरे सर्वविश्रुत आहेत. हा धर्मव्यय त्या आपल्या खाजगी उत्पन्नातून करीत. उन्हाळ्यात वाटांवर पांथस्थांस पाणी मिळे. महेश्वरानजीक शेतात राबणाऱ्या बैलांसही भर दुपारी पाणी पाजण्यास सेवक जात. पाखरांसाठी उभी पिके विकत घेऊन राखली जात.

परंतु त्यांच्या करुणेची खरी कसोटी डोंगरदऱ्यांत लागली. तेथील भिल्ल वाटसरूंस लुटीत. सामोपचार निष्फळ ठरला, तेव्हा कित्येक म्होरक्यांस देहान्त शासनही झाले. तथापि केवळ दंडाने पोट भरत नाही, हे बाईंनी जाणले. घाटातून जाणाऱ्या मालावर 'भिलकवडी' हा अल्प कर घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क त्यांनी मान्य केला, पडीक जमिनी त्यांस कसावयास दिल्या आणि आपापल्या हद्दीतील चोरीचे उत्तरदायित्व त्यांच्यावरच सोपविले. ज्यांच्या भयाने वाटा ओस पडत, तेच वाटांचे रक्षक झाले.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी बाईंनी देह ठेवला. घेणाऱ्यास याचक न ठेवता स्वकष्टाचे अन्न व समाजात मानाचे स्थान देणारे दान कसे असते, हे त्यांच्या चरित्रात भाविकांस आजही दिसते.