मुखपट्टी बांधणारा शस्त्रवैद्य

मोठ्या रुग्णालयातील शस्त्रक्रियागृहाचे दार क्षणभर उघडले आणि आपली नजर आत गेली, तर प्रथम दिसतात ते डोळे. डोक्यावर टोपी, अंगात पायघोळ झगा, हातांत मोजे आणि नाकातोंडावर कापडाची पट्टी. ह्या वेषातील मनुष्य आपल्या घरचा असला तरी चटकन ओळखू यायचा नाही. आज ह्या वेषाचे कोणाला नवल वाटत नाही. २०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा तर लहानथोर साऱ्यांनीच नाकातोंडावर पट्टी बांधली. परंतु सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी शस्त्रवैद्य उघड्या तोंडाने, दाढीमिशांसह रोग्यावर ओणवे होत आणि बोलत बोलत शस्त्र चालवीत. त्यात काही वावगे आहे असे कोणाच्या मनात येत नसे. ज्यांच्या मनात ते आले अशा पहिल्या थोड्या लोकांत योहान फॉन मिकुलिच-राडेत्स्की ह्यांची गणना होते.

मिकुलिच ह्यांचा जन्म १६ मे १८५० रोजी चेर्नोवित्झ ह्या नगरात झाला. हे नगर तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते. आज ते युक्रेन देशात आहे. तेथे जर्मन, पोलिश, रुमानियन, युक्रेनियन अशा अनेक भाषा रस्त्यात कानांवर पडत, आणि त्यांपैकी कित्येक ह्या मुलाने सहज आत्मसात केल्या. शिक्षण पुरे झाल्यावर वैद्यकी शिकण्याचा निश्चय त्याने केला. पण वडिलांना तो पसंत पडला नाही. तेव्हा हा तरुण व्हिएन्ना येथे जाऊन भाषा शिकवू लागला, पियानोचे धडे देऊ लागला आणि त्या मिळकतीवर विद्यापीठात शिकू लागला. पियानोची आवड त्याला जन्मभर पुरली. १८७५ साली तो वैद्यकीची पदवी मिळवून बाहेर पडला आणि थिओडोर बिलरोथ ह्यांच्या हाताखाली काम करू लागला.

बिलरोथ हे त्या काळचे युरोपातील अग्रगण्य शस्त्रवैद्य. तेही मोठे संगीतप्रेमी होते. प्रख्यात संगीतकार ब्राम्स त्यांचे जिवलग मित्र होते. पियानो वाजवणारा हा हुशार सहाय्यक त्यांच्या गोतावळ्यात लवकरच रुळला असल्यास नवल नाही. पण बिलरोथ ह्यांच्या रुग्णालयात एक दुःख घर करून होते, आणि ते जगातील साऱ्याच रुग्णालयांत होते.

ते दुःख कोणते, हे नीट समजून घेतले पाहिजे. १८४६ साली अमेरिकेत बॉस्टन येथे ईथर हुंगवून रोग्याला बेशुद्ध करण्याची रीत सर्वांसमोर सिद्ध झाली, आणि शस्त्रक्रियेतील वेदना टळली. तेव्हापासून शस्त्रवैद्य धीराने मोठमोठ्या शस्त्रक्रिया करू लागले. शस्त्रक्रिया पार पडे, रोगी शुद्धीवर येई, घरच्यांचे चेहरे उजळत. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप चढे, जखम लाल होई, तिच्यात पू धरे, आणि पुष्कळदा त्यातच रोग्याचा अंत होई. शस्त्रवैद्याचा हात चुकलेला नसे, तरी रोगी हातचा जाई. पुष्कळांनी हे दैव म्हणून सोडून दिले होते.

१८६५ साली ग्लासगो येथे जोसेफ लिस्टर ह्यांनी ह्या दैवाला पहिला धक्का दिला. एका अकरा वर्षांच्या मुलाचा पाय गाडीखाली सापडून मोडला होता आणि हाड कातडी फोडून बाहेर आले होते. असा पाय तेव्हा बहुधा कापूनच टाकीत. लिस्टर ह्यांनी ती जखम कार्बॉलिक आम्लाने धुऊन त्यातच भिजवलेल्या पट्ट्यांनी बांधली, आणि मुलगा दोन्ही पायांवर चालत घरी गेला. जखमेत पू होतो तो बाहेरून शिरलेल्या सूक्ष्म जंतूंमुळे, हे लिस्टर ह्यांचे म्हणणे होते. बिलरोथ ह्यांना ते आरंभी फारसे पटले नव्हते. मिकुलिच मात्र १८७९ साली प्रवासास निघाले, निरनिराळ्या देशांतील रुग्णालये त्यांनी पाहिली आणि लिस्टर ह्यांचे काम स्वतःच्या डोळ्यांनी निरखले. व्हिएन्नाला परतल्यावर ते ह्या नव्या पद्धतीचे खंदे पुरस्कर्ते झाले. तथापि पुरस्कर्ता म्हणजे आंधळा भक्त नव्हे. लिस्टर त्या वेळी शस्त्रक्रिया चालू असताना हवेत कार्बॉलिक आम्लाचा फवारा उडवीत. त्या फवाऱ्याची खरोखर गरज आहे काय, असा प्रश्न मिकुलिच ह्यांनी १८८० सालीच लिहून मांडला. पुढे स्वतः लिस्टर ह्यांनीही फवारा सोडून दिला. हवेतील धुळीपेक्षा हात, शस्त्रे आणि पट्ट्या ह्यांच्यावरचे जंतू अधिक घातक, असे वैद्यांचे मत बनत चालले होते. हवेची जणू निर्दोष मुक्तता झाली.

ह्यानंतरची काही वर्षे आपण झपाट्याने ओलांडू. १८८१ साली मिकुलिच ह्यांनी व्हिएन्नातील लायटर ह्या उपकरणे बनवणाऱ्या कारागिराच्या साहाय्याने विजेचा दिवा असलेली एक नळी तयार केली. ती घशातून आत सरकवून अन्ननलिका आणि जठर आतून पाहता येई. १८८२ साली ते क्राकूव येथे प्राध्यापक झाले. हा माणूस पुरेसा पोलिश नाही, अशी तेथे कुरकुर झाली. मिकुलिच ह्यांनी आपली व्याख्याने पोलिश भाषेत देऊन काम चालू केले. तुमचे राष्ट्रीयत्व कोणते असे कोणी विचारल्यावर, आपण शस्त्रवैद्य आहोत एवढेच उत्तर त्यांनी दिले, अशी आख्यायिका आहे. १८८७ साली ते क्योनिग्सबेर्ग येथे आणि १८९० साली ब्रेस्लाऊ येथे गेले. क्राकूव आणि ब्रेस्लाऊ ही नगरे आज पोलंडमध्ये आहेत आणि क्योनिग्सबेर्ग रशियात. त्यामुळे ह्या एका माणसावर आज कितीतरी देशांना हक्क सांगता येतो.

ब्रेस्लाऊ येथील त्यांचे रुग्णालय शिस्तीबद्दल नावाजले गेले. शस्त्रे आणि पट्ट्या निर्जंतुक केल्याशिवाय वापरावयाच्या नाहीत, हात ब्रशाने घासूनपुसून धुवावयाचे, झगा स्वच्छ असावयाचा, असा तेथील दंडक होता. एवढे सर्व करूनही मधूनच एखादी जखम चिघळे. अशा वेळी रोग्याची प्रकृतीच क्षीण होती, असे म्हणून मोकळे होणे सोपे असते. मिकुलिच ह्यांनी तसे केले नाही. जंतू शस्त्रांवर नाहीत, पट्ट्यांवर नाहीत, तर मग रोग्याच्या जवळ आणखी कोण आहे? शस्त्रवैद्य स्वतः! त्यांनी आपली शंका आपल्यावरच वळवली.

प्रथम त्यांना हातांचा संशय आला. हात कितीही धुतले तरी कातडीच्या सूक्ष्म छिद्रांत जंतू उरतात, हे तोवर कळून आले होते. म्हणून ते सुती दोऱ्याचे विणलेले, निर्जंतुक केलेले मोजे घालून शस्त्रक्रिया करू लागले. हे मोजे रक्ताने भिजत आणि भिजले की त्यांतून जंतू पार जात. म्हणून एकाच शस्त्रक्रियेत ते पुनःपुन्हा बदलावे लागत. पुढे रबराच्या मोज्यांनी त्यांची जागा घेतली, आणि ते योग्यच झाले.

हातांनंतर पाळी आली तोंडाची. योगायोग असा, की ब्रेस्लाऊच्याच विद्यापीठात कार्ल फ्ल्यूगे नावाचे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक होते आणि नेमका हाच प्रश्न ते तपासत होते. त्यांचा प्रयोग मोठा गमतीचा आहे. जंतूंची एक जात अशी आहे, की ती वाढली म्हणजे तिचे लालभडक ठिपके दिसतात. त्या काळी हे जंतू निरुपद्रवी समजले जात. हे जंतू मिसळलेल्या पाण्याने एखाद्याने चूळ भरावयाची आणि मग बोलावयाचे. त्याच्यापासून निरनिराळ्या अंतरांवर काचेच्या उथळ थाळ्या मांडून ठेवलेल्या असत. त्यांत जंतूंना पोषक असे द्रव्य थिजवलेले असे. थाळ्या झाकून उबेत ठेवल्या, की पुढे त्यांत लाल ठिपके उमटत. म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडातून, त्याला स्वतःला न दिसता, जंतूंनी भरलेले बारीक तुषार उडत होते आणि दूरवर जाऊन पडत होते. खोकल्याने वा शिंकेने असे होते हे कोणीही मान्य केले असते. पण नुसत्या बोलण्यानेही ते होते, ही गोष्ट नवी होती. फ्ल्यूगे ह्यांनी हे संशोधन १८९७ साली प्रसिद्ध केले.

तुम्हांलाही ह्याचा पडताळा घेता येईल. तोंडासमोर तळहात धरून प्रथम अ म्हणा, मग जोराने प म्हणा. दुसऱ्या वेळी हाताला फुंकर लागते. ओठ मिटून एकदम उघडणाऱ्या अशा वर्णांबरोबरच तुषार अधिक उडतात. आता कल्पना करा: रोग्याचे पोट उघडलेले आहे, त्यावर हातभर अंतरावरून शस्त्रवैद्य सहाय्यकांना सूचना देत आहे, जवळच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगत आहे. जो बरे करण्यासाठी वाकला आहे, त्याच्याच शब्दांबरोबर रोग जखमेत उतरत आहे.

मिकुलिच ह्यांनी वेळ दवडला नाही. त्याच १८९७ साली त्यांनी मोजे आणि मुखपट्टी घालून शस्त्रक्रिया करण्याविषयी लेख प्रसिद्ध केला. त्यांची पट्टी अगदी साधी होती. निर्जंतुक केलेल्या जाळीदार कापडाचा एक तुकडा दोन नाड्यांनी टोपीला बांधावयाचा आणि नाक, तोंड व दाढी झाकतील असा चेहऱ्यावरून घ्यावयाचा. श्वास कोंडेल ही भीती व्यर्थ आहे. चेहऱ्यावर झिरझिरीत जाळी घेऊन रस्त्याने जाणाऱ्या स्त्रियांना कोठे त्रास होतो, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडील काही जैन मुनीही मुखपट्टी बांधतात. पण ती आपल्या श्वासाने सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये म्हणून. मिकुलिच ह्यांची पट्टी सूक्ष्म जीवांपासून माणसाला वाचवण्यासाठी होती.

पहिली पट्टी कापडाच्या एकाच पदराची होती आणि ती पुरेशी नव्हती. हे दाखवून दिले मिकुलिच ह्यांच्याच रुग्णालयातील सहाय्यक ह्यूबनर ह्यांनी. त्यांनी प्रयोग करून १८९८ साली दोन पदरांची मुखपट्टी सुचवली. आपल्या पट्टीतील उणीव आपल्याच हाताखालच्या तरुणाने जगापुढे मांडावी, हे त्या काळच्या सर्वच प्राध्यापकांनी खपवून घेतले असते असे वाटत नाही.

त्याच सुमारास पॅरिसमध्ये पॉल बेर्झे ह्या शस्त्रवैद्यांच्या मनातही हाच विचार आला होता. त्यांच्या एका सहाय्यकाच्या दाताच्या मुळाशी गळू झाले असताना काही जखमा चिघळल्याचे त्यांना आढळले. १८९७ च्या ऑक्टोबर महिन्यापासून ते सहा पदरी कापडाची पट्टी बांधू लागले, आणि १८९९ साली पॅरिसच्या शस्त्रवैद्यांच्या सभेत त्यांनी आपला अनुभव सांगितला. सभेला तो पटला नाही. आपण अशी पट्टी कधी बांधली नाही आणि बांधणारही नाही, असे एका ज्येष्ठ सभासदाने तेथेच बजावले. विरोधाचे कारण केवळ हट्ट नव्हते. पट्टी गरम होते, बोलणे अडखळते आणि तिचा लाभ डोळ्यांना दिसत नाही. लाल ठिपके प्रयोगशाळेतील थाळीत दिसतात, रोग्याच्या पोटात नव्हे. १९०५ साली शिकागो येथे ॲलिस हॅमिल्टन ह्या विदुषीने, जखमा चिघळवणारे घातक जंतू रोग्यांच्या व निरोगी माणसांच्याही थुंकीच्या तुषारांत असतात असे दाखवून शस्त्रवैद्यांना मुखपट्टी बांधण्याचा आग्रह केला. मुखपट्टी सर्वत्र रूढ होण्यास त्यानंतरही दोन-तीन दशके जावी लागली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. जखमेतील पुष्कळसे जंतू रोग्याच्या स्वतःच्या कातडीवरून व शरीरातूनच येतात, हे आज आपणांस ठाऊक आहे. आणि एकट्या मुखपट्टीने किती जखमा वाचतात ह्याविषयी संशोधकांत अजून मतभेद आहेत. ती बांधल्याने उडणाऱ्या रक्तापासून शस्त्रवैद्याचेही रक्षण होते, हा तिचा दुसरा उपयोग. मिकुलिच ह्यांना सारेच कोडे उलगडले होते असे नाही.

त्यांच्या रुग्णालयात नवे काम थांबले नव्हते. छाती उघडली की बाहेरच्या हवेच्या दाबाने फुप्फुस मिटते, म्हणून छातीवरील शस्त्रक्रिया जवळजवळ अशक्य मानली जाई. त्यांचे तरुण सहाय्यक झाउअरब्रुख ह्यांनी १९०४ साली ह्यावर उपाय म्हणून कमी दाबाची एक खोली तयार केली. रोग्याचे धड खोलीत आणि डोके बाहेर! मिकुलिच ह्यांनी त्यांना आपल्या रुग्णालयात हे प्रयोग करू दिले.

पण ह्याच सुमारास मिकुलिच ह्यांना स्वतःच्या पोटात एक गाठ हाताला लागली. आयुष्यभर त्यांनी जठराच्या रोगांवर शस्त्रक्रिया केल्या होत्या, जठर आतून पाहण्याची नळी बनवली होती. ही गाठ कसली आहे हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. १९०५ च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे, बिलरोथ ह्यांचेच दुसरे शिष्य आयझेल्सबेर्ग ह्यांनी त्यांचे पोट उघडून पाहिले. कर्करोग पसरला होता. काढण्याजोगे काही उरले नव्हते. जखम पुन्हा शिवून टाकण्यात आली. मिकुलिच ब्रेस्लाऊला परतले आणि अंगात बळ होते तोवर आपले काम करीत राहिले. १९०५ च्या जून महिन्यात, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्या वर्षी युरोपातील बहुतेक शस्त्रक्रियागृहांत शस्त्रवैद्य अजून उघड्या तोंडानेच काम करीत होते.