विश्लेषण : होमी भाभा, अल्पायुषी म्युऑन आणि तांब्याच्या पोकळ्या

उचगावच्या पुलाजवळ एसटीची वाट पाहत हे वाचत असाल, तर मोबाइल क्षणभर तळहातावर आडवा धरा. एका मिनिटात त्यातून साधारण शंभर म्युऑन आरपार जातील. वैश्विक किरण हवेवर आदळून दहा-पंधरा किलोमीटर उंचीवर हे कण तयार होतात. त्यांचे सरासरी आयुष्य २.२ मायक्रोसेकंद. तेवढ्यात प्रकाशाच्या वेगानेही जेमतेम ६६० मीटर जाता येते. मग ते उचगावपर्यंत पोहोचतात कसे? अशा कणांचे आयुष्य वेगामुळे लांबते, हे १९३८ मध्येच सांगितले होते मुंबईच्या होमी भाभांनी.

इंजिनीअर व्हायला गेले, पण...

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईतल्या सधन पारशी घरातला. मुलाने केंब्रिजहून इंजिनीअर होऊन यावे आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात काम करावे, अशी घरच्यांची आणि आप्त असलेल्या दोराबजी टाटांची इच्छा. मुलाचे मन मात्र गणित आणि भौतिकशास्त्रात. आधी इंजिनीअरिंग पहिल्या वर्गात पूर्ण कर, मग हवे ते शीक, अशी वडिलांची अट होती. १९३० मध्ये ती पुरी झाली. ती वर्षे वाया गेली असे म्हणवत नाही. पुढे ट्रॉम्बे उभारताना ती कामी आलीच असणार.

१९३७ मध्ये त्यांनी वॉल्टर हाइटलर यांच्यासह वैश्विक किरणांच्या सरींचे गणित मांडले. पुढच्याच वर्षी आयुष्य लांबण्याचा मुद्दा आला. तेव्हा म्युऑन आणि युकावांनी सुचवलेला कण एकच समजले जात. तो घोळ १९४७ मध्ये सुटला. भाभांचा मुद्दा मात्र टिकला.

१९३९ मध्ये सुटीवर आलेले भाभा महायुद्धामुळे इथेच राहिले. बंगळूरु, मग १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था, १९५४ मध्ये ट्रॉम्बे. कोलारच्या सोन्याच्या खाणींत खोलवर म्युऑन मोजण्याचे कामही त्यांच्याच प्रेरणेने सुरू झाले. २४ जानेवारी १९६६ रोजी व्हिएन्नाला जाताना, जिनिव्हाला उतरण्याच्या बेतात असलेले त्यांचे विमान माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. वय अवघे ५६.

पोकळ्यांचा संबंध काय?

त्याच जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत आज म्युऑनची टक्कर घडवणाऱ्या यंत्राचा आराखडा आखला जात आहे. अडचण अशी, की म्युऑन जन्मतात तेच विखुरलेले. त्यांची बारीक धार करणे म्हणजे 'कूलिंग'. त्यासाठी झोत द्रवरूप हायड्रोजनसारख्या पदार्थातून नेतात. तिथे त्याचा पुढचा आणि आडवा, दोन्ही वेग मंदावतात. मग आरएफ कॅव्हिटी, म्हणजे रेडिओ लहरींनी भरलेली तांब्याची पोकळी, फक्त पुढच्या दिशेचा धक्का परत देते. असे वारंवार केले की आडवी भरकट कमी होते.

इथे भाभांचाच हिशेब लागतो. कूलिंगच्या नेहमीच्या वेगाला म्युऑन सरासरी सव्वा किलोमीटर जगतो. सगळे त्याच्या आत उरकायचे, म्हणून पोकळीतले विद्युतक्षेत्र जबरदस्त हवे. पण झोत एकत्र ठेवणाऱ्या चुंबकांच्या क्षेत्रात अशा पोकळीत ठिणग्या उडतात आणि तांब्याला खड्डे पडतात. लेथवर आरशासारखा पृष्ठभाग काढणाऱ्या गोकुळ शिरगावच्या कारागिराला हे दुखणे लगेच कळेल. उपाय म्हणून पोकळीच्या भिंती बेरिलियमच्या करून पाहिल्या, कुठे तिच्यात दाबाखालचा हायड्रोजन भरला. अमेरिकेतल्या फर्मिलॅबमध्ये दोन्हींना यश आले. ब्रिटनमधल्या 'माइस' प्रयोगाने २०२० मध्ये कूलिंग होते हे दाखवले, पण त्या मांडणीत पोकळ्या नव्हत्या. वेग काढून घेणे जमले. तो परत देत पुढे जाणारी पूर्ण साखळी अजून बांधायची आहे.