प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी : अदृश्य हिंसेविरुद्ध उभा राहिलेला गणिती

पाणी गाळून प्यावे, हा संस्कार जैन घरातील मुलावर अगदी अजाण वयातच होतो. डोळ्यांना न दिसणारा जीवही आपल्या हातून दुखावला जाऊ नये, ही त्यामागील भावना. विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र मानवाने या भावनेच्या अगदी उलट टोकाचे एक साधन निर्माण केले. ज्याला रंग नाही, गंध नाही, चव नाही, असा किरणोत्सर्ग अणुचाचण्यांच्या धुळीबरोबर साऱ्या पृथ्वीवर पसरू लागला आणि गवतातून गाईच्या दुधात व दुधातून बालकांच्या हाडांत उतरू लागला. करणारा कोठे, भोगणारा कोठे. आणि भोगणाऱ्याला आपण काही भोगत आहोत याची जाणीवही नाही. या अदृश्य हिंसेविरुद्ध ज्या भारतीय वैज्ञानिकांनी आवाज उठविला, त्यांत प्रा. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. प्राचीन भारताचे इतिहासकार म्हणून ते महाराष्ट्राला परिचित आहेत. शांततेसाठी झटलेले आणि त्यापायी एकाकी पडलेले कोसंबी मात्र तितकेसे परिचित नाहीत.

पित्याचा वारसा

दामोदरपंतांचे वडील धर्मानंद कोसंबी हे गोमंतकातील साखवाळ गावचे. बुद्धाच्या ओढीने त्यांनी तरुणपणी घर सोडले, नेपाळ, सिंहलद्वीप व ब्रह्मदेश पालथे घातले आणि पाली भाषेचे जगन्मान्य पंडित म्हणून कीर्ती मिळविली. महात्मा गांधींच्या प्रेरणेने स्थापन झालेल्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले. तेथे मुनी जिनविजयजी व पंडित सुखलालजी यांच्यासारख्या जैन विद्वानांचा सहवास त्यांना लाभला. उत्तरायुष्यात त्यांचे चिंतन भगवान पार्श्वनाथांच्या अहिंसा, सत्य, अस्तेय व अपरिग्रह या चार यामांवर स्थिरावले. त्यांतून साकारलेला पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म हा ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. शरीर आता कोणाच्याही उपयोगी पडत नाही, उलट इतरांना सेवेचा भार होतो, असे वाटल्यावर त्यांनी सल्लेखनेचा मार्ग पत्करला आणि जून १९४७ मध्ये सेवाग्राम आश्रमात अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला.

अशा पित्याच्या पोटी ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यातील कोसंबे गावी दामोदरांचा जन्म झाला. ते पुढे कोणत्याही धर्माचे उपासक झाले नाहीत. त्यांच्या विचारांवर मार्क्सचा प्रभाव होता आणि परंपरेची चिकित्सा करताना त्यांनी कधी भीड बाळगली नाही. परंतु मनाला पटलेल्या गोष्टीसाठी सुखावर पाणी सोडण्याची वृत्ती त्यांना घरातूनच मिळाली होती, असे त्यांच्या चरित्रावरून म्हणता येते.

बहुमुखी विद्वत्ता

धर्मानंद हार्वर्ड विद्यापीठात बौद्ध ग्रंथांच्या संपादनासाठी गेले, तेव्हा १९१८ मध्ये अकरा वर्षांचा दामोदर त्यांच्याबरोबर अमेरिकेस गेला. त्याचे शालेय शिक्षण बहुतांशी तेथेच झाले. १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी अत्युच्च श्रेणीत संपादन करून ते मायदेशी परतले. बनारस व अलीगढ येथील विद्यापीठांत अध्यापन केल्यावर ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि सुमारे बारा वर्षे तेथे रमले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले.

त्यांची बुद्धी एका विषयाच्या कुंपणात मावणारी नव्हती. हजारो प्राचीन नाणी त्यांनी सूक्ष्म काट्यावर तोलली आणि झिजेच्या गणितावरून त्यांचा काळ व चलन यांविषयी निष्कर्ष काढले. १९४४ मध्ये गुणसूत्रावरील जनुकांचे अंतर काढण्याचे एक सूत्र त्यांनी मांडले. ते आजही जगभरच्या आनुवंशिकी शास्त्रात त्यांच्याच नावाने वापरले जाते. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना त्यांनी देशभरातील हस्तलिखिते ताडून पाहिली. ती आवृत्ती १९४८ मध्ये मुनी जिनविजयजींच्या सिंघी जैन ग्रंथमालेत प्रकाशित झाली, ही जैन समाजाने अभिमानाने स्मरावी अशी बाब आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याशी त्यांचा एक धागा ग्रंथाच्या रूपाने जोडलेला आहे. येथील भुईकोट किल्ल्यात बंदिवासात असताना पंडित नेहरूंनी १९४४ मध्ये भारताचा शोध घेणारा आपला विख्यात ग्रंथ लिहिला. १९४६ मध्ये कोसंबींनी त्याचे परखड परीक्षण केले. लेखकाविषयी आदर राखूनही मतभेद स्पष्टपणे मांडण्याची त्यांची रीत त्यात दिसते. हीच रीत पुढे त्यांना महागात पडणार होती.

राखेचा पाऊस

१९४५ मध्ये डॉ. होमी भाभा यांनी कोसंबींना नव्याने स्थापन झालेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत येण्याचे निमंत्रण दिले. त्याच वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात हिरोशिमा व नागासाकी ही दोन शहरे अणुबॉम्बने बेचिराख झाली. ज्या पदार्थविज्ञानाकडे सारे जग आशेने पाहत होते, त्याच विज्ञानाने हा संहार घडविला होता. वैज्ञानिक हा समाजापासून अलिप्त राहू शकत नाही, त्याच्या शोधाचा उपयोग कोण व कशासाठी करतो याचे उत्तरदायित्व त्याच्यावरही येते, ही कोसंबींची धारणा त्या काळात दृढ झाली. १९४८-४९ च्या अमेरिका भेटीत शिकागो व प्रिन्स्टन येथील विद्वानांशी त्यांचा संपर्क आला. मायदेशी परतल्यावर ते जागतिक शांतता परिषदेचे सदस्य झाले. या कार्यासाठी त्यांनी मॉस्को, हेलसिंकी व पेकिंग येथे प्रवास केला. १९५१ मध्ये साम्राज्यवाद आणि शांतता यांच्या संबंधावर त्यांनी विवेचक लेख लिहिला.

१ मार्च १९५४ रोजी पॅसिफिक महासागरातील बिकिनी बेटावर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोटाची शक्ती दीड कोटी टन स्फोटकांइतकी, म्हणजे हिरोशिमाच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट होती. दूर समुद्रात मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवर पांढरी राख पावसासारखी पडली. नौकेवरील तेवीसही जण किरणोत्सर्गाने आजारी पडले आणि त्यांतील एकाचा सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, तरीही माणूस मेला. या घटनेने जग हादरले.

त्यानंतर स्ट्रॉन्शियम-९० हा शब्द वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचला. अणुस्फोटातून निर्माण होणारे हे मूलद्रव्य गुणधर्माने कॅल्शियमसारखे असते. त्यामुळे शरीर त्याला कॅल्शियम समजून हाडांत साठविते. ते निम्मे होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात. वाढत्या वयाच्या बालकांच्या हाडांत ते अधिक शिरते आणि रक्ताच्या व हाडांच्या कर्करोगाचा धोका वाढविते. किरणोत्सर्गाने जनुकांत बिघाड झाल्यास तो पुढील पिढ्यांकडे जाऊ शकतो, हे भय त्याहून मोठे होते. जनुकांचे गणित मांडणाऱ्या कोसंबींना या धोक्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नव्हता.

भारतानेही या वेळी मौन धरले नाही. २ एप्रिल १९५४ रोजी पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या स्थगित ठेवण्याचे आवाहन केले. त्यांच्या सूचनेवरून अणुस्फोटांच्या परिणामांचा शास्त्रशुद्ध अभ्यास हाती घेण्यात आला आणि १९५६ मध्ये तो ग्रंथरूपाने शासनाने प्रसिद्ध केला. उदयपूरच्या जैन कुटुंबात जन्मलेले थोर पदार्थवैज्ञानिक डॉ. दौलतसिंह कोठारी हे त्याचे प्रमुख लेखक होते. डॉ. भाभा व मुंबईचे कर्करोगतज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचाही त्यात सहभाग होता. परदेशात आइन्स्टाइन व बर्ट्रंड रसेल यांचे निवेदन १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी चाचणीबंदीसाठी नऊ हजारांहून अधिक वैज्ञानिकांच्या सह्या गोळा करून १९५८ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाला सादर केल्या. वैज्ञानिक व सामान्य नागरिक एकाच मागणीसाठी एकत्र आल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय.

कोसंबी ज्या परिषदेत कार्य करीत होते, ती सोव्हिएत संघाकडे झुकलेली आहे, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई आणि तो निराधार नव्हता. सोव्हिएत संघानेही वातावरणात प्रचंड चाचण्या केल्या. १९६१ मधील त्यांची चाचणी तर आजवरची सर्वांत शक्तिशाली ठरली. परंतु राख कोणत्या ध्वजाखालून उडाली यावर तिचा विषारीपणा अवलंबून नसतो. चळवळीची मूळ मागणी न्याय्य होती, हे त्या आक्षेपाने खोटे ठरत नाही.

सूर्य की अणू

कोसंबींची भूमिका बॉम्बच्या विरोधापाशी थांबली नाही. अणुपासून वीज निर्माण करण्याच्या उत्साहालाही त्यांनी प्रश्न विचारले. १९५७ मध्ये सूर्य की अणू असा प्रश्न त्यांनी एका लेखातून वाचकांपुढे ठेवला आणि जुलै १९६० मध्ये पुण्याच्या रोटरी क्लबपुढे भारताच्या अणुऊर्जेवर व्याख्यान दिले. अणुभट्टीचा भांडवली खर्च गरीब देशाला परवडणारा नाही, तंत्रासाठी परदेशांवर अवलंबून राहावे लागते आणि किरणोत्सारी कचऱ्याचा प्रश्न सुटलेला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. याउलट ज्या देशावर वर्षातील बहुतेक दिवस सूर्य भरभरून ऊर्जा ओततो, त्याने त्या विनामूल्य देणगीच्या संशोधनावर बुद्धी व पैसा लावावा, असे ते आग्रहाने मांडीत. सूर्याची ऊर्जा गावोगाव वापरता येते, तिला मोठी केंद्रे लागत नाहीत, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

ज्या काळात अणुऊर्जा हे राष्ट्राच्या प्रगतीचे प्रतीक मानले जात होते, त्या काळात हे बोलणे प्रवाहाविरुद्ध पोहण्यासारखे होते. शिवाय कोसंबी ज्या संस्थेत काम करीत, तिचे संचालक डॉ. भाभा हेच अणुऊर्जा कार्यक्रमाचे शिल्पकार होते. डॉ. भाभांची दृष्टीही देशहिताचीच होती. स्वावलंबी विज्ञानाचा पाया त्यांनी घातला, हे निर्विवाद आहे. दोन थोर माणसांच्या मार्गांत मात्र अंतर पडत गेले. १९६२ मध्ये कोसंबींच्या नियुक्तीची मुदत संपली आणि ती वाढविण्यात आली नाही. त्याचे कारण एकच नव्हते. गणितातील एका अत्यंत कठीण प्रश्नाची उकल केल्याचा त्यांचा दावा इतर गणितज्ञांनी मान्य केला नव्हता आणि त्यामुळे त्यांच्या कीर्तीला धक्का बसला होता. त्यांचा स्वभावही तडजोडीचा नव्हता. तथापि अणुधोरणावरील त्यांच्या उघड टीकेने ही दरी रुंदावली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. दख्खनच्या राणीने पुण्याहून मुंबईस जाणारा हा प्राध्यापक पंचावन्नाव्या वर्षी पदाविना राहिला.

अखेरची वर्षे

पद गेले तरी कार्य थांबले नाही. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संस्थेच्या परिसरातील घरातून ते हातात काठी घेऊन टेकड्या व गावशिवार पायी तुडवीत. धनगर-शेतकऱ्यांच्या देवता, सूक्ष्म अश्मास्त्रे व लेणी यांचा अभ्यास करीत. १९६४ मध्ये त्यांना शासकीय विज्ञान संशोधन परिषदेचे मानद स्वरूपाचे संशोधकपद मिळाले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी ते जोडले गेले.

त्यांच्या हयातीतच चळवळीला एक मोठे यश लाभले. ऑगस्ट १९६३ मध्ये मॉस्को येथे वातावरणात, अवकाशात व पाण्याखाली अणुचाचण्या न करण्याचा करार झाला आणि भारताने काही दिवसांतच त्यावर सही केली. तोपर्यंत वातावरणात शेकडो स्फोट झाले होते. फ्रान्स व चीन यांनी पुढेही काही वर्षे तशा चाचण्या चालू ठेवल्या. तरीही करारानंतर हवेतील आणि दुधातील किरणोत्सर्ग घटत गेला. भूमिगत चाचण्यांना मात्र या करारात मुभा राहिली होती. चाचणीबंदीचे कार्य त्या अर्थी अपुरे राहिले.

१९६६ च्या जानेवारीत डॉ. भाभा विमान अपघातात दिवंगत झाले. त्याच वर्षी २९ जून रोजी पहाटे पुण्यात झोपेतच कोसंबींची प्राणज्योत मालवली. ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. २००८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. ज्या सौरऊर्जेचा त्यांनी एकाकीपणे पाठपुरावा केला, तिची देशातील वीजनिर्मिती क्षमता २०२५ च्या प्रारंभी १०० गिगावॅटच्या पुढे गेली आहे. हे पाहण्यास ते नव्हते.

जैन आचारात हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत : स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि दुसऱ्याने केलेली पाहून अनुमोदन दिलेली. बॉम्ब टाकणारे हात थोडे असतात. तो घडविणारे अधिक, आणि जाणूनही गप्प राहणारे सर्वांत अधिक. कोसंबींनी जैन धर्माची दीक्षा घेतली नव्हती, धर्माचे नावही त्यांनी या कार्यासाठी घेतले नाही. परंतु अनुमोदन नाकारणे म्हणजे काय, याचा पाठ त्यांनी आपले पद पणाला लावून घालून दिला. जन्मालाही न आलेल्या, कधी भेटणार नसलेल्या बालकांच्या वतीने ते बोलले. पित्याने पार्श्वनाथांच्या पहिल्या यामाचे चिंतन ग्रंथात मांडले. पुत्राने त्याच यामाचा एक अर्थ प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून जगाला सांगितला. या निर्भय विद्वानाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.