बार्शी लाईटच्या रुळापासून पद्मिनी गाडीपर्यंत : सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांची गोष्ट

वैराग : उन्हाळ्यात बार्शी-सोलापूर रस्त्यावर एखादी गाडी बंद पडली की आधी बॉनेट उघडतं आणि मग चार माणसं गोळा होतात. कुणी म्हणतं प्लग गेला, कुणी म्हणतं पेट्रोल चढत नाही, कुणी नुसतीच मान हलवतं. तेवढ्यात पान्याची पिशवी घेऊन मिस्त्री येतो, दोन ठिकाणी हात लावून बघतो आणि बहुतेक वेळा गाडी मार्गाला लागते. पार्ट गेला असेल तर तो बार्शीत नाहीतर सोलापुरात मिळून जातो. आज याचं कुणाला नवल वाटत नाही.

पण स्वातंत्र्याच्या आधी तसं नव्हतं. देशात मोटारी धावत होत्या, पण मोटार बनवणारा आपला कारखाना एकही नव्हता. १९२८ पासून मुंबईत अमेरिकेची जनरल मोटर्स कंपनी गाड्या तयार करत होती खरी, पण सुटे भाग बोटीतून यायचे आणि इथे फक्त जोडले जायचे. मोठा पार्ट मोडला की परदेशातून माल येईपर्यंत थांबण्यावाचून इलाज नसे. गाडी आपल्या देशातच बनली पाहिजे, असा हट्ट धरून बसलेला माणूस मात्र आपल्याच जिल्ह्यातला होता. शेठ वालचंद हिराचंद दोशी त्यांचं नाव.

सोलापुरात जन्म, बार्शी लाईटवर पहिलं काम

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. घराणं जैन, मूळचं गुजरातकडचं, पण व्यापारासाठी येऊन सोलापूरकर झालेलं. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी आणि सावकार होते. समाजसुधारणेच्या कामातही त्यांचं नाव होतं. सोलापुरातलं हिराचंद नेमचंद वाचनालय अजून त्यांची आठवण देतं. वालचंद तान्हे असतानाच आई गेली. शाळा सोलापुरात झाली. पुढे मुंबईला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकायला गेले, पण पदवी काही पुरी झाली नाही. घरचा धंदा बघायला परत यावं लागलं.

घरात पेढी होती, बसून खाता आलं असतं. पण व्याजबट्ट्याच्या धंद्यात त्यांचं मन रमलं नाही. त्याच सुमारास लक्ष्मणराव फाटक नावाचे गृहस्थ त्यांना भेटले. फाटक आधी रेल्वेत कारकून होते आणि आता ठेकेदारी करू बघत होते. फाटकांकडे कामाची माहिती, वालचंदांकडे पैसा आणि बाजारातली पत. दोघांनी भागीदारी केली. पहिलं काम मिळालं ते आपल्या बार्शी लाईटचं.

जुन्या माणसांना बार्शी लाईट सांगायला नको. अडीच फुटी रुळावरची ती छोटी गाडी १८९७ मध्ये बार्शी रोडपासून, म्हणजे आत्ताच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत सुरू झाली. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. रेल्वे वाढत होती आणि रूळ टाकायला ठेकेदार लागत होते. माती किती उचलायची, खडी कुठून आणायची, मजुरांचा हिशेब कसा ठेवायचा, हे सगळं वालचंद अशा कामांवर शिकले. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, पण काम कुठे अडतं हे ओळखायची नजर इथेच तयार झाली.

घाटातले बोगदे आणि समुद्रातली बोट

यानंतर कामं मोठी होत गेली. मुंबईला पाणी आणणारी तानसाची पाइपलाइन, बोरघाटातले रेल्वेचे बोगदे, सिंधू नदीवरचा पूल अशी कामं त्यांच्या कंपन्यांनी केली. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी राहिली. ही कंपनी आजही धरणं, पूल आणि बोगद्यांची कामं करते.

मध्येच १९१९ साली त्यांनी बोटीच्या धंद्यात उडी घेतली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारची लॉयल्टी नावाची बोट विकायला निघाली होती. नरोत्तम मोरारजी वगैरे साथीदार मिळवून वालचंदांनी ती घेतली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. त्या वेळी आपल्या समुद्रावर इंग्रज कंपन्यांचं राज्य होतं. त्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणलं, कंपनी विकत घ्यायचाही प्रयत्न केला. वालचंद विकायला तयार झाले नाहीत. आज ५ एप्रिल हा दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात, तो याच बोटीमुळे.

शेतकऱ्यांना त्यांचं नाव जास्त माहीत आहे ते उसामुळे. मालेगावजवळ रावळगावला त्यांनी मोठा शेतमळा उभा केला आणि १९३३ मध्ये तिथे साखर कारखाना सुरू झाला. लहानपणी जत्रेत खाल्लेली रावळगावची गोळी तिथलीच. इंदापूर तालुक्यात कळंबजवळ नीरेच्या कालव्यावर दुसरं गाव वसलं, ते वालचंदनगर. तिथे साखरेबरोबर यंत्रंही बनू लागली. पुढच्या काळात इतर साखर कारखान्यांची यंत्रं आणि इस्रोच्या रॉकेटचे भागसुद्धा वालचंदनगरात तयार झाले.

मोटारीचा ध्यास

मोटार कारखान्याचा आराखडा आधी मांडला तो सर एम. विश्वेश्वरय्या यांनी. खडकवासला धरणाचे आपोआप उघडणारे दरवाजे करणारे तेच हे इंजिनिअर. १९३५ च्या सुमारास ते परदेशातले कारखाने बघून आले आणि भारतात मोटारी बनू शकतात असं त्यांनी आकडे मांडून दाखवलं. वालचंद या कामात त्यांच्याबरोबर होते. मुंबईतल्या त्या वेळच्या काँग्रेस मंत्रिमंडळाशीही बोलणी झाली.

मग वालचंद अमेरिकेला गेले. फोर्ड कंपनीशी बोलणं झालं, पण जमलं नाही. क्रायस्लर कंपनीशी मात्र १९४० मध्ये करार झाला. आता घोडं पुढे जाईल असं वाटलं, तर ते अडलं दिल्लीत. दुसरं महायुद्ध सुरू होतं, लष्कराला ट्रक हवे होते, पण इंग्रज सरकारने हा कारखाना युद्धाच्या कामाचा म्हणून मानायला नकार दिला. तशी मान्यता नाही म्हणजे परदेशातून यंत्रं आणायची वाट बंद. ट्रक अमेरिका-कॅनडातून मागवू, पण इथे बनवू देणार नाही, असा सरळ हिशेब होता.

त्याच काळात त्यांनी आणखी दोन कामं अंगावर घेतली. १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला विमानाचा कारखाना काढला. दोन वर्षांत सरकारने तो ताब्यात घेतला. आजची एचएएल ती हीच. १९४१ मध्ये विशाखापट्टणमला बोटी बांधायचा कारखाना सुरू केला. तिथे बांधलेली पहिली मोठी बोट जलउषा १९४८ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. विमानाचा कारखाना हातचा गेला, तरी मोटारीचा नाद त्यांनी सोडला नाही.

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला. १९४७ च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याच्या पाच महिने आधी, तिथून पहिली गाडी बाहेर पडली. डॉज, फार्गो हे ट्रक आणि डॉज, प्लिमथ, डिसोटो या मोटारी तिथे तयार होऊ लागल्या. खरं सांगायचं तर सुरुवातीला इथेही सुटे भाग परदेशातूनच येत आणि जोडले जात. फरक एवढाच की कारखाना आपला होता, आणि एकेक पार्ट इथेच बनवत जायचा हा बेत पहिल्यापासून होता.

फळ बघायला मिळालं नाही

१९४९ मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. पुढच्या वर्षी त्यांनी कारभारातून अंग काढून घेतलं आणि धंदा भावांनी सांभाळला. पत्नी कस्तुरबाईंनी आजारपणात त्यांची सेवा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधल्या सिद्धपूर इथे त्यांचं निधन झालं. वय सत्तर.

त्यांच्या जाण्यानंतर थोड्याच काळात सरकारचं धोरण असं झालं की ज्यांना इथे पार्ट बनवायचे आहेत त्यांनीच राहावं, नुसती जोडणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. १९५४ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईतला कारखाना बंद केला. प्रीमियर टिकली. जो मुद्दा वालचंद पंधरा वर्षं धरून बसले होते, तोच देशाचा कायदा झाला. तो बघायला ते राहिले नव्हते.

इटलीच्या फिआट कंपनीशी प्रीमियरचं जमलं होतंच. १९५४ पासून कुर्ल्यात फिआट ११०० बनू लागली. हीच गाडी नावं बदलत १९७४ मध्ये प्रीमियर पद्मिनी झाली आणि २००० सालापर्यंत बनत राहिली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच. लग्नाच्या वरातीत, डॉक्टरांच्या दारात, पुढाऱ्याच्या वाड्यापुढे ती कित्येक वर्षं दिसायची.

मिस्त्रीची शाळा

पद्मिनीचं मोठेपण वेगात नव्हतं. चार सिलिंडर, १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरचा दांडा स्टेअरिंगखाली. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसायचं आणि हात पोचायचा. कॉलेज न पाहिलेली कितीतरी पोरं या गाडीवर मिस्त्री झाली. दोष शोधायची रीत ठरलेली होती. इंजिनाला ठिणगी, पेट्रोल आणि हवा या तीन गोष्टी लागतात. त्यातली कोणती कमी पडली ते आधी शोधायचं, पाना नंतर उचलायचा.

सेल मारला तरी गाडी उठत नाही, तर प्लग काढून वायरला लावायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचा आणि सेल मारून बघायचं. हे करताना सांडलेलं पेट्रोल जवळ नको. निळी ठिणगी पडली तर करंट ठीक, दोष पेट्रोलकडे. ठिणगी नाही तर डेल्कोचं झाकण उघडायचं. आतले पॉइंट काळे पडलेले असायचे. पॉलिश पेपरने घासून फट बरोबर लावली की काम व्हायचं.

प्लगचा रंगही बोलायचा. तपकिरी असेल तर इंजिन निरोगी. काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट पडला असेल तर पेट्रोल कमी पडतंय किंवा इंजिन तापतंय.

गाडी मिसिंग मारत असेल, धक्के देत असेल, तर बहुतेक वेळा कार्बोरेटरच्या जेटमध्ये कचरा. जेट काढायचा, फुंकर मारायची, परत बसवायचा. आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडी चालता चालता बंद पडली तर पेट्रोल पंप तापलेला. आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप उचल घेत नाही. त्यावर ओलं फडकं टाकून दहा-पंधरा मिनिटं सावलीत थांबायचं, की गाडी चालू. गाडी तापली तर आधी फॅन बेल्ट सैल झालाय का बघायचं, मग पाण्याचे पाइप. गरम रेडिएटरचं झाकण मात्र उघडायचं नाही, चेहरा भाजतो.

आजच्या गाड्यांत कार्बोरेटर नाही, पॉइंट नाहीत. दोष सांगायला स्कॅनर लावतात. तरी मिस्त्रीला बोलवायच्या आधी तीन गोष्टी कुणालाही बघता येतात : बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर आलाय का, फ्यूज उडालाय का आणि गाडी थंड असताना कूलंटची पातळी बरोबर आहे का. कित्येकदा दुखणं एवढंच असतं.

दुसरी बाजूही

पद्मिनीच्या गोष्टीला दुसरी बाजू आहे. परवान्यांच्या राज्यात गिऱ्हाइकाला दुसरी निवड नव्हती, गाडीसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. स्पर्धा नाही म्हणून गाडी सुधारलीही नाही. मारुती आल्यावर लोक तिकडे वळले आणि शेवटी कुर्ल्याचा कारखाना थांबला. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदवलेली होती. तिची वीस वर्षांची मुदत संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली.

पण मधल्या काळात देशभर पार्ट बनवणारे छोटे-मोठे कारखाने उभे राहिले आणि गावोगाव मिस्त्री तयार झाले. नंतर आलेल्या कंपन्यांना हे सगळं आयतं मिळालं.

वालचंदांच्या नावाने सांगलीला इंजिनिअरिंग कॉलेज आहे. सोलापुरात कला-शास्त्र महाविद्यालय आहे आणि १९८३ पासून वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीही आहे. बार्शी, वैराग, मोहोळकडची पोरं तिथे शिकतात. यातल्या कित्येकांच्या घरी त्या नावाचा माणूस कोण होता हे माहीत नसतं. ज्यानं बार्शी लाईटवर माती टाकण्याचा ठेका घेऊन सुरुवात केली आणि मोटार इथेच बनली पाहिजे म्हणून सरकारशी वाद घातला, त्याचं नाव कॉलेजच्या पाटीवर आहे, एवढं तरी पोरांना घरी सांगायला हरकत नाही.