आज जगाला व्हॅनिला मिळतोय तो १२ वर्षांच्या एका गुलाम पोरामुळं

आईस्क्रीमच्या दुकानात गेल्यावर कुठला फ्लेवर घ्यायचा हे सुचत नसलं, की माणूस सरळ व्हॅनिला सांगून मोकळा होतो. इतका तो साधा, सगळीकडं मिळणारा फ्लेवर. पण एकेकाळी हा व्हॅनिला मेक्सिको सोडून जगात कुठंच पिकत नव्हता. आणि ही अडचण सोडवली ती हिंदी महासागरातल्या एका बेटावरच्या १२ वर्षांच्या पोरानं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आणि कायद्यानं दुसऱ्याच्या मालकीच्या असलेल्या पोरानं.

त्याचं नाव एडमंड. पुढं आडनाव लागलं अल्बियस. पण जन्मला तेव्हा त्याला आडनाव नव्हतं, कारण गुलामांना आडनाव ठेवायची परवानगीच नसायची.

१८२९ साली रियुनियन बेटावरच्या सेंट-सुझान गावात त्याचा जन्म झाला. तेव्हा या बेटाचं नाव होतं बोरबाँ आणि सत्ता होती फ्रान्सची. आई मेलिझ गुलाम होती, ती बाळंतपणातच गेली. पोरका एडमंड वाढला तो फेरेओल बेलिए-बोमाँ या मळेवाल्याकडं. या गड्याला झाडाफुलांचं भारी वेड. बागेत फिरताना तो एडमंडला सोबत घ्यायचा आणि झाडांची नावं सांगायचा. पोराला शाळेचं तोंड बघायला मिळालं नाही, पण वनस्पतीशास्त्र मात्र कानावर पडत राहिलं. मालक माया करायचा असं सांगितलं जातं. केलीही असेल, पण तो मालकच होता, हे विसरून चालत नाही.

त्याच बागेत व्हॅनिलाचा एक वेल होता. वीसेक वर्षं जुना, हिरवागार, पण एकही शेंग न धरणारा.

हा प्रॉब्लेम एकट्या बेलिए-बोमाँचा नव्हता. १६ व्या शतकात स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतून व्हॅनिला युरोपात नेला. त्याच्या वासानं राजेरजवाडे वेडे झाले. मग वेलही नेले, काचघरात लावले, वसाहतींमध्ये लावले. वेल वाढायचे, कधीमधी फुलायचे, पण शेंगा धरायच्या नाहीत. तीनशे वर्षं हेच चाललं होतं.

भानगड होती परागकणांची.

कुठल्याही फुलाचं फळ व्हायचं तर पुंकेसरातले परागकण स्त्रीकेसराच्या टोकाशी, म्हणजे कुक्षीवर पोहोचावे लागतात. गवत, मका यांचं हे काम वारा करतो. हेच वाऱ्यावरचे परागकण नाकात गेले की काहींना सटासट शिंका येतात. रंगीत, वासाची फुलं मात्र बहुतेक वेळा किड्यांवर अवलंबून असतात. व्हॅनिला हे ऑर्किड. त्याचे पराग सुट्या पिठासारखे उडत नाहीत, चिकट गोळा होऊन बसतात. फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, अगदी जवळजवळ. पण दोघांच्या मध्ये एक बारीक पापुद्रा आडवा आलेला असतो. त्यामुळं फूल आपलं आपण फळत नाही. मेक्सिकोत हा अडथळा तिथल्याच काही मधमाश्या पार करायच्या. लोकांनी वेल जगभर नेले, माश्या तिथंच राहिल्या.

त्यात फूल उमलतं एकाच दिवसासाठी. पहाटे उघडतं, दुपारपर्यंत मिटायला लागतं. तेवढ्यात पराग पोहोचले नाहीत तर फूल गळून पडतं.

१८३६ मध्ये बेल्जियमच्या लिएज शहरात प्राध्यापक शार्ल मोरेन यांनी हातानं परागीभवन करून शेंगा धरवून दाखवल्या होत्या. पण त्यांची पद्धत किचकट होती, मळ्यात हजारो फुलांवर ती करणं शक्य नव्हतं. आणि रियुनियनमधल्या एडमंडपर्यंत ही बातमी पोहोचायचा संबंधच नव्हता.

१८४१ साली एके दिवशी बेलिए-बोमाँ एडमंडला घेऊन बागेत फिरत होता. बघतो तर वेलाला शेंगा. एडमंड म्हणाला की हे मी केलंय. मालकाचा विश्वास बसेना. काही दिवसांनी आणखी एक शेंग दिसली, तेव्हा त्यानं करून दाखवायला सांगितलं.

पोरानं एक फूल हातात धरलं. त्याची पाकळी मागं सारली, बांबूच्या बारीक काडीनं मधला पापुद्रा वर उचलला आणि अंगठ्यानं परागाचा गोळा कुक्षीवर दाबून टाकला. झालं, काही सेकंदांचं काम.

हे त्याला सुचलं कसं? कलिंगडाच्या वेलाला नर फूल वेगळं असतं, मादी फूल वेगळं. नर फुलाचे पराग मादी फुलाला हातानं लावायचे, हे मालकानं त्याला आधी शिकवलं होतं. आपल्याकडंही भोपळ्याच्या वेलावर ही युक्ती करतात. फरक इतकाच की व्हॅनिलात दोन्ही भाग एकाच फुलात, पडद्याआड लपलेले. ते एडमंडनं स्वतः फूल उलगडून शोधलं.

बातमी पसरली. शेजारचे मळेवाले बोलावू लागले. एडमंडला गाडीत बसवून या मळ्यातून त्या मळ्यात नेलं जायचं आणि तो तिथल्या गुलामांना ही कला शिकवायचा. बेटावर व्हॅनिलाचे मळे उभे राहिले, मळेवाले गब्बर झाले. १९ वं शतक संपता संपता बेटावरचं उत्पादन मेक्सिकोच्या पुढं गेलं.

एडमंडच्या हातात काय पडलं? काहीच नाही.

२० डिसेंबर १८४८ ला रियुनियनवरची गुलामी संपली. साठ हजारांवर माणसं मोकळी झाली, एडमंडही. तेव्हा त्याला अल्बियस आडनाव मिळालं. लॅटिनमधल्या पांढऱ्या या अर्थाच्या शब्दावरून ते आलं असं सांगतात. तो सेंट-डेनिस शहरात गेला आणि स्वयंपाकघरात नोकरीला लागला. तिथं दागिन्यांच्या चोरीच्या प्रकरणात अडकला आणि सक्तमजुरीची शिक्षा झाली. बेलिए-बोमाँनं गव्हर्नरकडं अर्ज केला, की या बेटाची भरभराट ज्याच्यामुळं झाली त्याचा विचार व्हावा. मुदतीआधी सुटका झाली.

मग आणखी एक वार झाला, आणि खरंतर हा जास्त वाईट होता. ज्याँ-मिशेल-क्लोद रिशार या नावाजलेल्या वनस्पतीशास्त्रज्ञानं दावा केला की ही पद्धत आपणच १८३८ मध्ये बेटावर येऊन दाखवली होती, पोरानं ती बघून उचलली असणार. बेलिए-बोमाँनं पत्र लिहून हे खोडून काढलं. त्याचा मुद्दा बिनतोड होता. रिशारनं १८३८ मध्येच शिकवलं असेल, तर १८४१ पर्यंत बेटावर एकाही मळेवाल्यानं ते वापरलं कसं नाही? आज शोधाचं श्रेय एडमंडकडंच जातं.

श्रेय टिकलं, पैसा मात्र आला नाही. एडमंडला काहीतरी मदत द्या म्हणून केलेल्या विनंत्या वाया गेल्या. तो सेंट-सुझानला परतला आणि ९ ऑगस्ट १८८० ला तिथल्या गरिबांच्या दवाखान्यात गेला. वय ५१.

त्याची पद्धत मादागास्करला गेली आणि तो देश जगातला सगळ्यात मोठा व्हॅनिला उत्पादक झाला. केरळ-कर्नाटकातल्या बागांमध्येही हेच केलं जातं. स्वस्तातला व्हॅनिला फ्लेवर आता बहुतेक वेळा कारखान्यात बनतो, पण खऱ्या शेंगेला पर्याय निघालेला नाही, आणि शेंगेला हाताशिवाय पर्याय नाही.

सेंट-सुझानमध्ये आज एडमंडचं स्मारक आहे. रियुनियनच्या मळ्यांत हे काम करणाऱ्या बायकांना फ्रेंचमध्ये लग्न लावणाऱ्या अशा अर्थाचं नाव आहे. फुलांच्या दिवसांत त्या सकाळीच वेलांपाशी जातात, कारण दुपारनंतर फुलाचा काही उपयोग नसतो.