विश्लेषण : नोकियाच्या रिंगटोनमागचे गिटारगुरू… फ्रान्सिस्को तारेगा यांनी गिटार वाजवण्याची रीत कशी बदलली?

एकेकाळी एसटीच्या गाडीत, लग्नाच्या मांडवात किंवा बँकेच्या रांगेत एक ठरावीक धून वाजली की पाच-सहा जणांचे हात एकदम खिशाकडे जात. नोकिया फोनची ती धून मुळात गिटारवर रचलेली आहे आणि तिचे रचनाकार फ्रान्सिस्को तारेगा यांचे निधन मोबाइल येण्याच्या कितीतरी आधी, १९०९ मध्ये झाले. आज गिटार शिकणारा विद्यार्थी ज्या पद्धतीने बसतो, बोट टेकवतो आणि तार छेडतो, त्यातील बराचसा भाग या स्पॅनिश वादकाकडून आला आहे. एवढे नाव झाल्यावर, पन्नाशीच्या सुमारास, त्यांनी स्वतःचेच वादनतंत्र मोडून नव्याने का बांधले, याचा हा आढावा.

रिंगटोनशी तारेगा यांचा संबंध काय?

तारेगा यांनी १९०२ मध्ये ‘ग्रान व्हाल्स’ ही गिटाररचना केली. व्हाल्स म्हणजे तीन मात्रांच्या ठेक्यावरचा युरोपीय नृत्यप्रकार. या रचनेतील चार मापांचा, म्हणजे अवघ्या तेरा स्वरांचा तुकडा नोकियाने उचलला आणि १९९४ च्या ‘नोकिया २११०’ या फोनपासून तो रिंगटोन म्हणून जगभर पोहोचला. गिटारच्या विद्यार्थ्यांसाठी मात्र तारेगा यांची ओळख ‘रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’, ‘काप्रिचो आराबे’ आणि ‘लाग्रिमा’ या रचनांमुळे आहे.

बालपण कसे गेले?

तारेगा यांचा जन्म २१ नोव्हेंबर १८५२ रोजी स्पेनच्या पूर्व भागातील व्हिलारेयाल या गावी झाला. फुटबॉलप्रेमींना हे नाव तेथील क्लबमुळे माहीत असेल. वडील एका मठात रखवालदार होते आणि हौसेने गिटार वाजवत. लहानपणी फ्रान्सिस्को पाटाच्या पाण्यात पडले. त्यातून डोळ्यांना झालेल्या संसर्गाने त्यांची दृष्टी कायमची अधू झाली.

मुलाची दृष्टी पूर्ण गेली तर तो पोट कसे भरणार, ही वडिलांची काळजी होती. संगीत हा त्यावरचा उपाय वाटल्याने कुटुंब कास्तेयोन शहरात राहायला आले. तेथील त्यांचे सुरुवातीचे दोन्ही संगीतशिक्षक अंध होते. १८६२ मध्ये नामवंत गिटारवादक हुलियान अर्कास यांनी या दहा वर्षांच्या मुलाचे वादन ऐकले आणि त्याला बार्सिलोनाला शिकायला पाठवावे, असे सुचवले. वडिलांनी ते मान्य केले, पण पियानोही शिकण्याची अट घातली. त्या काळी मोठ्या घरांत आणि सभागृहांत पियानोला मान होता. गिटार ही खानावळीत आणि रस्त्यावर वाजणारी वस्तू मानली जाई.

मुलाने मात्र बार्सिलोनात शिकवणी सोडून पळ काढला आणि कॅफेंमध्ये गिटार वाजवून तो पैसे मिळवू लागला. वडिलांनी शोधून परत आणल्यावर तो पुन्हा पळाला. पुढे १८७४ मध्ये तारेगा माद्रिदच्या संगीत महाविद्यालयात दाखल झाले. तेथे पियानो आणि हार्मनी, म्हणजे स्वरमेळाचे शास्त्र, शिकत असतानाच त्यांनी आयुष्य गिटारला देण्याचा निर्णय घेतला. पियानोची ही तालीम पुढे उपयोगी पडली. बेथोव्हन, शोपाँ, मेंडेल्सन यांच्या इतर वाद्यांसाठीच्या रचना त्यांनी सहा तारांवर बसवल्या. समकालीन स्पॅनिश संगीतकार अल्बेनिझ यांचे पियानोसंगीतही त्यांनी गिटारवर आणले.

तोरेस यांची गिटार का महत्त्वाची ठरली?

१८६९ मध्ये एका श्रीमंत रसिकाच्या मदतीने सतरा वर्षांचे तारेगा सेव्हिलला अंतोनिओ दे तोरेस या कारागिराकडे गेले. तोरेस यांनी आधी एक साधी गिटार दाखवली, पण मुलाचे वादन ऐकल्यावर काही वर्षांपूर्वी बनवून स्वतःजवळ ठेवलेले वाद्य बाहेर काढले, असे सांगितले जाते. १८६४ सालची ती गिटार तारेगा यांनी पुढे अनेक वर्षे वाजवली.

आजच्या क्लासिकल गिटारचा आकार मुख्यत्वे तोरेस यांनी निश्चित केला. त्यांनी पेटी मोठी केली, वरची फळी पातळ ठेवली आणि तिला आतून पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या पट्ट्यांचा आधार दिला. तारेची सुमारे ६५० मिलिमीटर लांबी त्यांच्या वाद्यांमुळे रूढ झाली. आवाज प्रामुख्याने वरच्या फळीतून येतो, हे दाखवण्यासाठी १८६२ मध्ये त्यांनी एक गिटार अशी बनवली, की तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

जुन्या लहान गिटारींपेक्षा या वाद्याचा खर्ज भरदार होता आणि स्वर जास्त वेळ टिकत असे. त्यामुळे तारेवर बोट कसे पडते, यातला बारीक फरकही ऐकू येऊ लागला. तारेगा यांचे तंत्र या वाद्याच्या सोबतीने घडत गेले.

वादनतंत्रात त्यांनी काय बदलले?

पहिली गोष्ट बैठकीची. डावा पाय छोट्या चौरंगावर ठेवायचा, गिटारची कंबर डाव्या मांडीवर टेकवायची आणि मान तिरकी वर न्यायची. चौरंग वापरणारे तारेगा पहिले नव्हते, पण ही बैठक सर्वमान्य झाली ती त्यांच्या परंपरेमुळे. तिचा फायदा असा, की वाद्य मांडी, छाती आणि उजव्या बाहूच्या आधाराने स्थिर राहते. डाव्या हाताला गिटार पेलून धरावी लागत नाही. तो फक्त स्वर दाबायला मोकळा राहतो. मनगट दुखणाऱ्या अनेक नवशिक्यांची खरी अडचण येथेच असते.

दुसरी गोष्ट उजव्या हाताची. तार छेडून झाल्यावर बोट हवेत न उचलता शेजारच्या तारेवर टेकवायचे, या आघाताला ‘आपोयांदो’ म्हणतात. बोटाचे वजन तारेवर पडल्याने स्वर गोल आणि ठळक येतो. बोट मोकळे ठेवून केलेला आघात म्हणजे ‘तिरांदो’. तो झंकारत जाणाऱ्या स्वरसमूहांसाठी सोयीचा. आपोयांदोही आधीपासून होता, पण मुख्य धून उठून दिसावी यासाठी त्याचा नियमित वापर तारेगा यांनी रुजवला.

तिसरी गोष्ट ट्रेमोलोची. १८९९ च्या सुमारास पूर्ण झालेली ‘रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा’ ही रचना ग्रानादातील अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या आठवणींवर आहे. तिच्यात अंगठा खालचे स्वर वाजवतो आणि लगेच अनामिका, मधले बोट व तर्जनी हे एकाच तारेवर एकच स्वर तीनदा छेडतात. गती साधली की छेडून विझणारा स्वर सलग वाहतो आहे, असे वाटते. ही गती घाईने येत नाही. चारही आघात आधी संथ लयीत, सारख्या अंतराने आणि सारख्या वजनाने बसवावे लागतात. अनामिका बहुतेकांची दुबळी असते. ती मागे पडली की ट्रेमोलो लंगडतो.

तारेगा यांच्या रियाजाचा क्रमही शिष्यांच्या आठवणींतून कळतो. आधी स्वरसप्तके, मग अर्पेजिओ, म्हणजे स्वरमेळातील स्वर सुटे करून वाजवणे, त्यानंतर अवघड जागा आणि शेवटी पूर्ण रचना.

मग त्यांनी नखे का कापली?

गिटारची तार नखाने छेडावी की बोटाच्या मांसल टोकाने, हा वाद तारेगा यांच्याही आधीचा आहे. नखाने आवाज मोठा आणि चमकदार येतो, बोटाने मऊ आणि गोलसर. तारेगा उमेदीच्या काळात नखांनी वाजवत. १८८१ मध्ये ते पॅरिस आणि लंडनला वाजवून आले आणि त्यानंतर त्यांचे नाव युरोपभर झाले.

तरीही १९०० नंतरच्या काळात त्यांनी उजव्या हाताची नखे कापून टाकली. आजारपणामुळे नखे ठिसूळ झाली होती, हे एक कारण दिले जाते. बोट आणि तार यांच्यामध्ये काहीही नको, सहाही तारांचा आवाज एकसारखा यावा, हा त्यांचा आग्रह हे दुसरे. कारण कोणतेही असो, नख गेले की तार बोटावरून सुटण्याची जागा आणि क्षण दोन्ही बदलतात. पन्नाशीच्या वादकाला प्रत्येक आघात नव्याने बसवावा लागला.

त्याची किंमतही होती. आवाज लहान झाला, तो मोठ्या सभागृहाच्या मागच्या रांगेपर्यंत पोहोचेना. तारेगा यांना तशाही छोट्या खोलीतल्या, मोजक्या जाणकारांच्या मैफली अधिक आवडत.

१९०६ मध्ये त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. गिटारवादकाचा नाद उजव्या हातात असतो. त्यांनी हळूहळू सराव करून तो हात पुन्हा तारेवर आणला. पूर्वीची सफाई पूर्णपणे परतली नाही, पण वाजवणे, शिकवणे आणि रचना करणे सुरू राहिले. १५ डिसेंबर १९०९ रोजी बार्सिलोना येथे त्यांचे निधन झाले.

नखांचा वाद कोणी जिंकला?

तारेगा यांनी स्वतः शिक्षणपद्धतीचे पुस्तक लिहिले नाही. त्यांची विद्या शिष्यांच्या हातांतून पुढे गेली आणि तेथे दोन वाटा फुटल्या. मिगेल योबेत यांनी नखे ठेवली आणि ते जगभर वाजवत फिरले. एमिलिओ पुजोल यांनी गुरूचा बिननखी नाद आयुष्यभर जपला आणि गुरूच्या तत्त्वांवर आधारित चार खंडांचा अभ्यासग्रंथ लिहिला. 

आंद्रेस सेगोव्हिया हे तारेगा यांचे शिष्य नव्हते. योबेत यांच्या सहवासाचा मात्र त्यांना लाभ झाला. नख आणि मांसल टोक यांचा एकत्र वापर करून त्यांनी गिटार मोठ्या सभागृहांत नेली. आज बहुतेक क्लासिकल वादक हीच रीत पाळतात. मात्र नख तारेला लागण्याआधी बोटाचा स्पर्श झाला पाहिजे, या शिकवणीत तारेगा यांचा नादाविषयीचा आग्रह टिकून आहे.

वाद्याची काळजी तेव्हा कशी होती, आज कशी घ्यावी?

तारेगा यांच्या काळी वरच्या तीन तारा जनावरांच्या आतड्याच्या असत. त्या दमट हवेत फुगत, कोरड्या हवेत आकसत आणि मध्येच तुटत. दुसऱ्या महायुद्धात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी आतड्याच्या धाग्याची टंचाई झाली. तेव्हा न्यूयॉर्कमधील कारागीर अल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा तयार केल्या आणि सेगोव्हिया यांनी त्या उचलून धरल्या. 

तारा बदलल्या तरी लाकूड तेच आहे. वरची फळी साधारण दोन ते अडीच मिलिमीटर जाडीची असते आणि हवेतील ओलाव्याबरोबर हलते. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता तिला मानवते. मुंबई, कोकण आणि गोव्यात पावसाळ्यात फळी फुगते, तारा बोटांपासून वर जातात आणि आवाज बोदा होतो. अशा वेळी गिटार भिंतीला न टांगता बंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी. विदर्भातील उन्हाळ्यात उलटे होते. लाकूड आकसते, पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटाला टोचतात आणि फळीला तडा जाऊ शकतो. तेव्हा भोके पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला, नीट पिळलेला स्पंज घालून ती पेटीत ठेवावी. स्पंजचे पाणी लाकडाला लागू देऊ नये.

वाजवून झाल्यावर तारा कोरड्या सुती फडक्याने पुसाव्यात. घामाने धातू गुंडाळलेल्या तारा लवकर काळ्या पडतात. उन्हात उभ्या गाडीत गिटार कधीही ठेवू नये. सांध्यांचा डिंक सुटतो. लाकडाला खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल लावू नये. सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा चढवणे. नायलॉनच्या सहा तारांचा एकत्रित ताण साधारण ४० किलोंच्या आसपास असतो, स्टीलचा ७० किलोंच्या घरात जातो. त्या ओढीने तारा बांधलेली घोडी फळीसकट उखडू शकते.

नखांची निगा हाही याच काळजीचा भाग आहे. डाव्या हाताची नखे पूर्ण कापलेली असावीत. उजव्या हाताची ठेवायची असल्यास बारीक कानशीने बोटाच्या गोलाईप्रमाणे घासावीत. कड खरखरीत राहिली तर ती आवाजात ऐकू येते आणि तारही लवकर झिजते.