संगीतोद्धारक पंडित भातखंडे

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीस, मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. कायद्याची पदवी संपादून त्यांनी वकिली आरंभिली; परंतु त्यांचे चित्त रमले ते संगीतातच. पुढे पत्नी व कन्या कालवश होताच संसारपाश तुटले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी या विद्येस वाहिले.

त्या काळी घराण्यांची गायकी कंठगत होती. जाणता गवई गेला की त्याच्या चिजाही लोपत. पंडितजींनी भारतभर प्रवास केला, गुणिजनांची मनधरणी केली आणि मिळालेल्या शेकडो चिजा स्वरलिपीत उतरवून ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत सर्वांस खुल्या केल्या. रागांचे त्यांनी दहा थाटांत वर्गीकरण केले. ही व्यवस्था काही विद्वानांस अपुरी वाटते. तथापि आजही असंख्य विद्यार्थ्यांचा आरंभ तिच्यापासूनच होतो.

१९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बडोद्यास अखिल भारतीय संगीत परिषद भरली. १९१८ साली ग्वाल्हेरीस आणि १९२६ साली लखनौस संगीत महाविद्यालये उभी राहिली. या तिन्ही कार्यांमागे त्यांचीच प्रेरणा होती.

१९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेशचतुर्थीस, त्यांनी देह ठेवला. मूठभरांचे धन त्यांनी समाजाच्या स्वाधीन केले, म्हणूनच ते टिकले.